मनाच्या गोळ्या आणि अंगाची हालचाल

भास, संशय यांवरच्या हॅलोपेरिडॉल, रिस्पेरिडोन, ओलान्झापिन यांपैकी एखादी गोळी आमच्या दुकानातून नेत असाल, तर हा कागद पट्ट्यांसोबत ठेवा. घरातल्यांनीही वाचावा. तोंडाची चुकीची हालचाल पेशंटच्या आधी बहुधा त्यांनाच दिसते.

मेंदूत खोलवर स्ट्रायाटम नावाचा भाग आहे. तिथल्या काही पेशी सबस्टन्स पी आणि डायनॉर्फिन ही पेप्टाइडं (प्रथिनांचे छोटे तुकडे) बाळगतात व हालचालीला वाट देतात. एनकेफॅलिन हे दुसरं पेप्टाइड असलेल्या पेशी हालचाल आवरतात. डोपामिन हे मेंदूतलं निरोप पोचवणारं रसायन पहिल्यांना चालना देतं, दुसऱ्यांना दाबून ठेवतं. या गोळ्या डोपामिन जिथे चिकटतं त्या डी-२ नावाच्या जागा अडवतात. साधारण ६५ टक्के जागा अडल्या की भास, संशय ओसरू लागतात. ८० टक्क्यांच्या आसपास गेलं की आवरणाऱ्या पेशी वरचढ होतात आणि अंग आखडतं. म्हणून मनाने एक गोळी वाढवली तर गुण तेवढाच, आखडणं मात्र जास्त.

त्रास कधी सुरू झाला ती तारीख लिहून ठेवा, डॉक्टरांना त्यावरून फार कळतं. मान वाकडी होणं, डोळे वर चढणं, जबडा अडकणं पहिल्या चार-पाच दिवसांत होतं, तरुणांत जास्त. बाहेरची बाधा समजून वेळ घालवू नका. दवाखान्यातल्या इंजेक्शनने ते लवकर सुटतं. पाय एका जागी ठरत नाहीत, बसवत नाही, हा त्रास आजार उलटल्यासारखा दिसतो आणि घरचे गोळी वाढवतात. त्याने तो आणखी वाढतो. हात न हलवता छोटी पावलं टाकणं, लाळ गळणं काही आठवड्यांत दिसतं. त्यावर ट्रायहेक्सिफेनिडिल देतात, पण वयस्कांत त्याने विसरभोळेपणा येतो, लघवी अडते, आणि काचबिंदू असेल तर आधी सांगायलाच हवं.

सगळ्यात चिवट त्रास महिन्या-वर्षांनी येतो: जीभ वळवळणं, ओठ चघळल्यासारखे हलणं. ट्रायहेक्सिफेनिडिलने हा उलट वाढू शकतो. महिन्यातून एकदा घरीच पाहा. तंबाखू, गुटखा थुंकून तोंड रिकामं करायला लावा, हात नसलेल्या खुर्चीत बसवा, तळवे गुडघ्यांवर. दोनदा तोंड उघडून जीभ बाहेर काढायला सांगा. मग अंगठा एकेका बोटाला १०-१५ सेकंद भराभर टेकवू द्या, दोन्ही हातांनी, आणि तेव्हा चेहऱ्याकडे व पायांकडे बघा. शेवटी थोडं चालवा.

डोपामिन मोडताना हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं. गोळीमुळे ही मोडतोड वाढते आणि पेशींवर ऑक्सिडेशनचा ताण येतो. चिवट त्रासामागे हेही एक कारण मानतात. म्हणून लोक व्हिटॅमिन ई मागतात. बसलेला त्रास त्याने जात नाही, फार तर वाढ थोडी रोखली जाते. त्याच्या भरवशावर थांबू नका.

निपाणी-चिक्कोडीकडे विडी ओढणारे बरेच. विडी-सिगारेटच्या धुरामुळे यकृत ओलान्झापिन आणि त्याच जातीची क्लोझापिन लवकर संपवतं. विडी अचानक सुटली की तीच मात्रा अंगावर जास्त पडते. विडी जरूर सोडा, पण डॉक्टरांना आधी सांगून. मशेरी किंवा चघळायच्या तंबाखूने असं होत नाही.

उलटीवरचं मेटोक्लोप्रमाइड आणि चक्करेवरचं सिनारिझिन, फ्लुनारिझिन यांनीही आखडणं येतं. मेटोक्लोप्रमाइड पाच दिवसांपुढे मनाने घेऊ नका. जुनी चिठ्ठी दाखवून तीच गोळी पुन्हा मागू नका.

कुठलीही गोळी एकदम बंद करू नका. पण ताप, लाकडासारखं ताठ अंग आणि बरळणं एकत्र दिसलं, तर पुढची गोळी न देता लगेच १०८ लावा. इतर वेळी टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक फुकट आहे, रात्रीही चालतो.