जैवविविधतेचं धोरण गावच्या नोंदवहीत

भारताच्या जैवविविधता धोरणातला सर्वांत खालच्या पातळीवरचा आणि सर्वांत मोलाचा दस्तऐवज म्हणजे लोक जैवविविधता नोंदवही: गावातल्या वनस्पती, प्राणी आणि त्यांविषयीचं लोकांचं ज्ञान लिहून ठेवणारी वही. 2002च्या जैवविविधता कायद्याने चेन्नईत राष्ट्रीय प्राधिकरण, प्रत्येक राज्यात मंडळ (महाराष्ट्राचं नागपुरात) आणि ग्रामपंचायत-नगरपालिका पातळीवर व्यवस्थापन समिती अशी रचना केली. 2004च्या नियमांनी समितीत अध्यक्ष आणि जास्तीत जास्त सहा सदस्य ठरवले, त्यांत किमान एकतृतीयांश स्त्रिया. या समितीचं मुख्य काम नोंदवही करणं.

ते रखडलं. शेवटी राष्ट्रीय हरित लवादाने 31 जानेवारी 2020ची मुदत घातली आणि ती न पाळणाऱ्या राज्यांना दरमहा 10 लाख रुपये भरायला सांगितले. मुदतीच्या धाकाने समित्या झाल्या खऱ्या, पण घाईत वही बिघडते. शेजारच्या गावाची यादी उतरवली जाते, शास्त्रीय नावं येतात आणि स्थानिक नाव, वापर, जागा हे रकाने कोरे राहतात.

चांगल्या नोंदवहीला एक पूर्ण वर्ष द्यावं लागतं. शेवळं पहिल्या पावसाबरोबर निघतात, कर्टोली भर पावसाळ्यात, स्थलांतरित पक्षी थंडीत. उन्हाळ्यातल्या एकाच शिवारफेरीत यातलं काहीच सापडत नाही. माहिती कोणाकडे आहे हेही पाहायला हवं. गुराखी, मासे धरणारे, वैदू, बी जपणाऱ्या बाया यांच्याशी वेगवेगळं बसावं लागतं, कारण ग्रामसभेत ही माणसं बोलतीलच असं नाही. मग ओळख तज्ज्ञाकडून तपासून घ्यायची आणि मसुदा ग्रामसभेत वाचायचा. वैदूने जे उघड करायला नकार दिला, ते खुल्या प्रतीत येता कामा नये.

एवढी काटेकोरी कशासाठी? बाळहिरड्याचं, म्हणजे हिरड्याच्या कोवळ्या औषधी फळांचं पाहा. आंबेगाव-जुन्नरच्या डोंगरातल्या अनेक गावांचा माल व्यापाऱ्याकडे एकाच ढिगात पडतो. 2014च्या नियमांत उत्पादकाने विक्रीच्या 0.1 ते 0.5 टक्के रक्कम माल किंवा ज्ञान पुरवणाऱ्यांसाठी लाभवाटा म्हणून देण्याची तरतूद होती. पण कोणत्या गावाचा माल किती हेच लिहिलेलं नसेल, तर पैसा पोचवायचा कुठे? 2023च्या दुरुस्तीने ग्रंथबद्ध पारंपरिक ज्ञानाच्या वापराला लाभवाटपातून सूट दिली. हिरड्याचे गुण आयुर्वेदाच्या ग्रंथांत आहेतच, त्यामुळे गावाचा दावा आणखी कमकुवत झाला. आमच्या मते ही सूट अन्यायाची आहे. आता तोंडी चालत आलेलं ज्ञान हाच गावाचा मुख्य आधार उरतो, आणि त्याची नोंद या वहीत होऊ शकते.

2024मध्ये भारताने 23 राष्ट्रीय लक्ष्यांचा सुधारित आराखडा मांडला. 2030पर्यंत 30 टक्के क्षेत्राचं संवर्धन हे त्यातलं एक. देवराया आणि गायरानं त्यात धरायची, तर त्यांची हद्द, तिथल्या प्रजाती आणि राखण करणारे लोक नोंदवहीत हवेत. त्यासाठी वही ठरावीक काळाने पुन्हा तपासण्याचा खर्च पंचायतीच्या वार्षिक आराखड्यात स्वतंत्र धरावा लागेल, आणि प्रजाती ओळखण्याचं काम जवळच्या महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागाला मानधन देऊन सोपवता येईल.