दिवाळी अंकाचं कोकणी माहेर

घर, नाटक, कपडे, खाणं, प्रवास, दोन कथा आणि चार विनोद एकाच गठ्ठ्यात देणारं शहरी मासिक हे मुंबईचं पीक समजलं जातं. बियाणं मात्र बरंचसं कोकणातून गेलेलं आहे. ६ जानेवारी १८३२ला ‘दर्पण’ सुरू करणारे बाळशास्त्री जांभेकर देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे. १८४०चं ‘दिग्दर्शन’, म्हणजे मराठीतलं पहिलं मासिक, तेही त्यांचंच. पण तो सगळा ज्ञानप्रसाराचा मामला होता. दुपारी पानाचं तबक पुढ्यात घेऊन वाचावं असं त्यात काही नव्हतं.

ती वाट ‘मनोरंजन’ने पाडली. सावंतवाडीजवळच्या आजगावचे काशिनाथ रघुनाथ आजगावकर यांनी ते १८९५मध्ये मुंबईत काढलं. बंगाली साहित्याच्या ओढीने त्यांनी ‘मित्र’ हे आडनाव घेतलं आणि त्याच नावाने ते ओळखले गेले. इंग्रजी नियतकालिकांचे नाताळ विशेषांक पाहून त्यांनी १९०९मध्ये दिवाळी अंक काढला. सणाला घरात नवं कापड येतं, नवं भांडं येतं, तसा छापील अंकही यावा, ही कल्पना इतकी चपखल बसली की पुढे मराठी मासिकाचं वर्षभराचं गणित या एका अंकावर तोललं जाऊ लागलं.

कोकणात अंक विकत घेणारी घरं थोडी, वाचणारी पुष्कळ. मधला दुवा वाचनालयाचा. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८चं, सावंतवाडीचं श्रीराम वाचन मंदिर १८५२चं, चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४चं. दिवाळी अंक योजनेत वेगळी वर्गणी भरायची आणि एकेक अंक बदलून न्यायचा, ही पद्धत अजून चालू आहे. शिमग्यापर्यंत चांगल्या अंकाचं मुखपृष्ठ सुटं झालेलं असतं आणि शब्दकोडं कुणीतरी पेनाने सोडवून ठेवलेलं असतं.

स्थानिक साप्ताहिकांनी, वेंगुर्ल्याच्या ‘किरात’सारख्यांनी, आपापले दिवाळी अंक काढले तेव्हा खरी कसोटी लागली ती छापखान्याची. नेहमीचा आकार साडेसात बाय दहा इंच. वीस बाय तीस इंचाच्या डबल क्राऊन कागदाला तीन घड्या घातल्या की आठ पानं, दोन्ही बाजू धरून सोळा पृष्ठं. हा एक फर्मा. १६० पृष्ठांच्या अंकाला दहा फर्मे. हजार प्रतींना दहा हजार ताव, म्हणजे पाचशे तावांची एक अशा वीस रीम, आणि फुकट जाणाऱ्या कागदासाठी एक जादा. धातूच्या सुट्या अक्षरांचे खिळे जुळवून छापायच्या काळात तालुक्याच्या गावी मोठं यंत्र नसे, ट्रेडल हे छोटं छपाईयंत्र असे. त्यावर एका वेळी दोन पृष्ठं धरली तर ऐंशी हजार ठोके. हात बसलेला कामगार तासाला हजाराच्या आसपास काढतो, म्हणजे नुसत्या छपाईलाच आठ तासांचे दहा दिवस. तेही वीज गेली नाही तर.

त्यातून खिळे अपुरे. छापून झालेली पानं सोडवून खिळे खणात परत टाकल्याशिवाय पुढची पानं जुळवता येत नसत, म्हणून लेखकाने उशिरा पाठवलेली एक कथा सगळा अंक अडवून धरायची. देवनागरीत रफार आणि मात्रेचा भाग खिळ्याबाहेर लोंबतो, तो दाबाखाली तुटतो. जुन्या स्थानिक अंकांत ‘सूर्य’चा ‘सूय’ झालेला दिसला तर प्रुफं तपासणाऱ्याला दोष देण्याआधी हे लक्षात घ्यावं.

जाहिराती गोळा करायच्या गणपतीत, कारण तेव्हा चाकरमानी गावात असतो. गणेशचतुर्थी ते दिवाळी एरवी दोन महिनेही भरत नाहीत. म्हणजे कागद आणायचा, ठेवायचा आणि छापायला घ्यायचा तो पावसाच्या शेपटात. हवेतला दमटपणा कागद आधी कडेने पितो, कडा लाटांसारख्या होतात आणि यंत्रात चुणी पडते. ऑफसेट आल्यावर दुखणं वाढलंच. एकरंगी यंत्रावर चार रंगांसाठी ताव चारदा जातो, ऑफसेटमध्ये छपाईच्या पत्र्याला शाईबरोबर पाणीही लावावं लागतं, आणि दोन रंगांच्या मधे रात्र गेली तर ताव फुगून रंगावर रंग बसत नाही. मुखपृष्ठावरच्या बाईला दोन ओठ येतात. जाणते मुद्रक रीमचं वेष्टण छपाईच्या वेळीच फोडतात, गठ्ठे फरशीवर न ठेवता लाकडी फळ्यांवर ठेवतात, मधल्या वेळात प्लास्टिकने झाकतात आणि मुखपृष्ठाचे चारही रंग शक्यतो एकाच दिवसात उरकतात. शाईही दमट हवेत उशिरा वाळते. थप्पी उंच रचली की वरच्या तावाच्या पाठीला खालच्याचा डाग लागतो.

बांधणीत खाऱ्या वाऱ्याचा हिशेब करावा लागतो. साध्या लोखंडी तारेची पिन किनाऱ्यावर लवकर गंजते, तिच्याभोवती तपकिरी वलय उमटतं आणि पान तिथूनच फाटतं. जस्ताचा मुलामा असलेली तार घ्यावी, नाहीतर दोऱ्याने शिवावं.

एक आडवळण. मालवणच्या जयंतराव साळगावकरांनी १९७३मध्ये ‘कालनिर्णय’ सुरू केलं आणि दिनदर्शिकेच्या पाठीमागे पाककृती, आरोग्य, घरगुती लेख दिले. शहरी मासिकाचा अर्धा मजकूर असा खिळ्याला टांगून वर्षभर स्वयंपाकघरात राहिला. मासिकांच्या इतिहासात याची नोंद व्हायला हवी तेवढी होत नाही.

संगणकावर जुळणी आल्यावर खिळे गेले, तुटकी अक्षरं राहिली. लेखक मोबाइलवर युनिकोडमध्ये लिहून पाठवतो, मांडणी करणारा ते श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटात बदलून घेतो, आणि नेमका ‘दऱ्या’, ‘खाऱ्या’मधला ऱ्य बिघडतो, ‘ॲ’चंही तेच. बदल केल्यावर ही दोन अक्षरं शोधून हातानेच नीट करावी लागतात.

चिपळूणच्या वाचन मंदिरात २००५ आणि २०२१ अशा दोन्ही पुरांचं पाणी शिरलं. पुरात भिजलेल्या अंकांपैकी साध्या कागदाचे जुने अंक पानापानांत कोरा कागद घालून, पंख्याखाली उभे करून वाळवता येतात. डाग राहतात, पण वाचता येतात. गुळगुळीत आर्ट पेपरचा लेप पाण्याने सुटून पानं एकमेकांना धरतात. ओलं असतानाच ती सोडवली नाहीत तर वाळल्यावर अंकाची वीट होते, आणि ती पुन्हा उघडत नाही.