कमिटवरचे नाव : गिटमधील ओळखीच्या गोंधळाची पार्श्वभूमी

नागपुरातील एका अभियांत्रिकी महाविद्यालयात शेवटच्या वर्षाचे प्रकल्प तपासताना मला एकदा चौघांच्या गटाचे सगळे काम एकाच मुलाच्या नावावर जमा झालेले दिसले. बाकीच्या तिघांनी अंग चोरले नव्हते. चौघेही प्रयोगशाळेतील एकाच संगणकावर, एकाच लॉगिनने, आळीपाळीने बसत होते आणि पहिल्या दिवशी ज्याने गिटच्या (फाइलींमधील बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या साधनाच्या) ग्लोबल, म्हणजे त्या लॉगिनवरच्या सगळ्या कामांना लागू होणाऱ्या, सेटिंगमध्ये आपले नाव-ईमेल भरले, त्याच्याच खात्यात पुढचे प्रत्येक कमिट (बदलांची एकेक नोंद) पडत गेले.

हा प्रश्न पूर्वी या रूपात उद्भवत नव्हता. १९७२ मध्ये बेल लॅब्जमध्ये तयार झालेली एससीसीएस किंवा १९८०च्या दशकातील आरसीएस ही बदलांचा इतिहास ठेवणारी जुनी साधने सामायिक युनिक्स यंत्रावर चालत आणि बदल करणाऱ्याचे नाव त्याच्या लॉगिनवरूनच घेत. पुढे सबव्हर्जन या मध्यवर्ती सर्व्हरवर चालणाऱ्या साधनात ही जबाबदारी सर्व्हरकडे गेली. तिथे लेखकाचे नाव हा नोंदीला जोडलेला निव्वळ एक गुणधर्म असल्याने, चुकलेच तर व्यवस्थापक ते मागाहून दुरुस्त करू शकत असे.

एप्रिल २००५ मध्ये लिनक्स कर्नेलच्या (लिनक्स प्रणालीच्या गाभ्याच्या) विकासकांना मिळणारी बिटकीपर या व्यावसायिक साधनाची मोफत सोय संपुष्टात आली आणि लिनस टोरवाल्ड्स यांनी गिट लिहायला घेतले. कर्नेलचे बदल ईमेलने येत, एक जण ते लिही आणि दुसराच ते सामावून घेई. म्हणूनच गिटच्या प्रत्येक कमिटमध्ये लेखक आणि कमिट करणारा यांची नावे ईमेलसह वेगवेगळी नोंदवली जातात. मात्र मध्यवर्ती सर्व्हरच अनिवार्य नसल्यामुळे ती नावे पडताळणारेही कोणी उरले नाही. आपण जे सांगू ते गिट खरे मानते. काहीच सांगितले नाही, तर ते युनिक्सच्या पासवर्ड फाइलमधील ‘जीकॉस’ या रकान्यातून नाव उचलते आणि यंत्राच्या नावावरून ईमेल बनवते. (हा रकाना जनरल इलेक्ट्रिकच्या एका जुन्या कार्यप्रणालीच्या नावाने अजून ओळखला जातो, तिच्याशी त्याचा आज काही संबंध उरलेला नाही.) परिणामी ज्या पत्त्यावर कधीच पत्र पोहोचणार नाही, असे पत्ते कायमचे इतिहासात जातात.

‘कायमचे’ हा शब्द इथे शब्दशः घ्यावा. कमिटची हॅश (त्यातील मजकुरावरून निघणारा ओळख-क्रमांक) काढताना नाव आणि ईमेलही मोजले जात असल्याने, एक अक्षर बदलले तरी त्या कमिटची आणि त्यावर उभ्या असलेल्या सगळ्या कमिटांची हॅश बदलते, आणि ज्यांच्याकडे जुनी प्रत आहे त्या सहकाऱ्यांचे काम अडते.

उपाय आले, पण सावकाश. २०१२ च्या १.७.९ या आवृत्तीत कमिटवर जीपीजी स्वाक्षरी (गुप्त किल्लीने केलेली, पडताळता येणारी डिजिटल सही) करता येऊ लागली. २०१६ च्या २.८ मध्ये, नाव अंदाजाने न ठरवता सेटिंग नसेल तर कमिटच नाकारण्याची सोय झाली. माझ्या मते हेच वर्तन सुरुवातीपासून मूळ सेटिंग असायला हवे होते. २०१७ च्या २.१३ मध्ये फोल्डरनुसार वेगळी ओळख ठेवता येऊ लागल्यावर, मिहान या नागपुरातील औद्योगिक क्षेत्रातील कार्यालयाचे काम आणि घरचा छंद एकाच लॅपटॉपवर करणाऱ्यांची मोठी अडचण दूर झाली.

एका व्यक्तीची अनेक नावे झाली असतील, तर मेलमॅप ही फाइल इतिहासाला धक्का न लावता ती दाखवताना एकत्र करते. प्रयोगशाळेतील त्या चौघांची स्थिती नेमकी उलटी होती, एका नावामागे चार माणसे होती, आणि मेलमॅपला ती वेगळी करता येत नाहीत. त्यामुळे मी त्यांना समोर बसवून कोणता भाग कोणी लिहिला ते तोंडी विचारले आणि गुण दिले.