गोदावरीचं पाणी थांबतं तेव्हा

भर पावसात त्र्यंबकच्या वर ब्रह्मगिरीच्या ओढ्यात बारीक जाळी धरली ना तर प्लँक्टन म्हणावं असं फारसं काही हाती लागणार नाही. प्लँक्टन म्हणजे पाणी नेईल तिकडे जाणारे जीव, बहुतेक डोळ्यांना न दिसणारे. ओढ्यात सापडतात ते डायटम, म्हणजे एका पेशीचं शेवाळ, पण ते खरे दगडावरचे. दगडावरचा तो तपकिरी बुळबुळीत थर, ज्यावरून आपण घसरतो, तेच हे, पाण्याच्या जोरानं खरवडून आलेले. त्यांचं कवच सिलिकाचं म्हणजे काचेसारखं असतं, आणि आपला सह्याद्रीचा काळा कातळ झिजून सिलिका भरपूर देतो, त्यामुळे माल कमी पडत नाही.

कमी पडतो तो वेळ. शेवाळाची एक पेशी दोन व्हायला साधारण एक दिवस धरा, आणि पाणी सेकंदाला दीड मीटरनं पळत असेल तर तेवढ्यात ते सव्वाशे किलोमीटर पुढे गेलेलं असतं. त्यात पुराचं गढूळ पाणी, आत ऊन शिरतच नाही, मग वाढणार कसं?

पैठणला मात्र चित्र बदलतं, कारण जायकवाडी. 1976 साली हे धरण झालं आणि मागे नाथसागर पसरला, उथळ आणि भलामोठा. इथे पाणी आठवडे-महिने पडून राहतं, गाळ खाली बसतो, ऊन आत जातं आणि सगळ्यांनाच संसार थाटायला वेळ मिळतो. आधी शेवाळ वाढतं, मग ते खाणारे रोटिफर नावाचे सूक्ष्म प्राणी येतात, ज्यांची पिढी दोन-तीन दिवसांत तयार होते आणि नराची गरजसुद्धा पडत नाही (मादीच मादीला जन्म देते). डॅफनिया (पाण्यातल्या पिसवा) आणि सायक्लॉप्स नावाचा दुसरा बारीक जीव, यांना अजून जास्त दिवस लागतात, म्हणून ते वाहत्या धारेत कमी आणि साठलेल्या पाण्यात जास्त. सायक्लॉप्स जुन्या लोकांना आठवत असेल, विहिरी-बारवांच्या पाण्यातून नारू (अंगातून लांब जंत बाहेर येणारा रोग) व्हायचा तो याच्यामुळे, पाणी फडक्यानं गाळून प्या असं सांगायचे ते यालाच अडवायला. 2000 साली भारत नारूमुक्त जाहीर झाला.

साठलेल्या पाण्यात सांडपाणी आणि शेतातलं खत उतरलं की उन्हाळ्यात नीलहरित शेवाळाचा नंबर लागतो. त्यातल्या मायक्रोसिस्टिसच्या पेशीत हवेच्या पिशव्या असतात, त्यामुळे ते वर तरंगून ऊन अडवतं आणि खालच्यांची उपासमार करतं. त्याचे काही प्रकार विषारीही असतात. डायटम बिचारे जड, पाणी स्थिर झालं की बुडतात आणि मरताना सिलिका गाळातच ठेवून जातात. म्हणजे धरण नुसतं पाणी अडवत नाही, काचसुद्धा अडवतं.

पुढे आंध्रात धवळेश्वरमचा बंधारा, मूळचा आर्थर कॉटन या इंग्रज इंजिनियरनं 1852 मध्ये पूर्ण केलेला. त्याच्याखाली गौतमी, वसिष्ठा अशा शाखा होऊन नदी समुद्राला मिळते. पावसाळ्यात इथे मुखापर्यंत गोडं पाणी, पण इतकं गढूळ आणि इतकं जोरात की खत असूनही शेवाळाला जम बसत नाही. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचं विशाखापट्टणमला केंद्र आहे, तिथल्या लोकांनी या खाडीचा बराच अभ्यास केलाय, आणि त्यात दिसलं की पूर ओसरून पाणी निवळलं की मग शेवाळ एकदम फोफावतं. म्हणजे पैठणचीच गोष्ट, फक्त ऋतूच्या हिशेबानं. उन्हाळ्यात बंधाऱ्यातून पाणी जवळजवळ येतच नाही, खारं पाणी आत सरकतं, गोड्या पाण्यातले बरेच जीव मिठाला टिकत नाहीत आणि त्यांच्या जागी समुद्रातले कोपेपॉड, म्हणजे सायक्लॉप्सचेच भाऊबंद, भरतीबरोबर वर येऊन बसतात. ते जुलैत पहिला लोंढा येईपर्यंत.