पडीक प्लॉटच्या मातीतलं शिसं

शहरातल्या पडीक प्लॉटवर सगळ्यांनी मिळून बाग करायचं ठरलं की एक वाक्य हमखास कानावर येतं: "इतकी वर्षं जमीन मोकळी पडली आहे, आता माती कसदार झाली असेल." शेताबाबत यात काही तथ्य आहे. शहरी प्लॉटबाबत मात्र हा समज धोक्याचा ठरू शकतो.

अशा बागा व्हायलाच हव्यात. अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात संशोधकांनी 541 रिकामे प्लॉट यादृच्छिक पद्धतीने गटांत विभागले. काहींवरचा कचरा काढून गवत आणि थोडी झाडं लावली, काही तसेच ठेवले. 2018 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तसेच ठेवलेल्या प्लॉटांच्या तुलनेत, हिरवळ केलेल्या प्लॉटांजवळ राहणाऱ्यांमध्ये खिन्न वाटतं असं सांगणाऱ्यांचं प्रमाण 41.5 टक्क्यांनी कमी झालं होतं. पण हिरवळ बघणं वेगळं आणि तिथं पिकवलेलं खाणं वेगळं.

रिकामा प्लॉट म्हणजे बहुतेकदा पाडलेल्या घराची जागा. वीतभर खणलं की विटांचे तुकडे, प्लॅस्टर, राख आणि जुन्या रंगाचे पोपडे वर येतात. त्या रंगात शिसं असायचं. पेट्रोलमध्येही 1920च्या दशकापासून शिसं मिसळत. मोटारींसाठी असं पेट्रोल विकणारा शेवटचा देश अल्जेरिया, तिथं ते 2021 साली थांबलं. धुरातून पडलेलं शिसं अजून मातीच्या वरच्या थरातच आहे.

ते वाहून का जात नाही? पाण्यात शिशाचा आयन दोन धन प्रभारांचा असतो. चिकणमातीच्या कणांवर ऋण प्रभार असतो, आणि कुजलेल्या सेंद्रिय पदार्थातले कार्बोक्सिल गट (कार्बन-ऑक्सिजनचे आम्लधर्मी अणुसमूह) तर शिशाला घट्टच धरतात. माती आम्लधर्मी झाली की हायड्रोजन आयन या जागा बळकावतात आणि शिसं सुटतं. म्हणून मातीचा सामू (pH, आम्लतेचं माप; 7 म्हणजे उदासीन) 6.5 ते 7 च्या आसपास ठेवायचा.

मला खरी मौज वाटते ती फॉस्फेटची. हाडांचा चुरा मातीत मिसळला की त्यातलं फॉस्फेट हळूहळू विरघळतं. ते शिसं आणि क्लोराइड यांच्याशी संयोग पावून पायरोमॉर्फाइट हे खनिज बनतं. पाच शिशाचे अणू, तीन फॉस्फेट, एक क्लोरीन. हे इतकं अविद्राव्य असतं की जठरातल्या आम्लातही फारसं विरघळत नाही. म्हणजे ती माती चुकून पोटात गेली तरी त्या रूपातलं शिसं रक्तात कमी शिरतं. प्रयोगशाळेच्या अहवालात एकूण शिशाचा आकडा तोच राहतो, धोका मात्र घटतो. एकूण प्रमाण आणि शरीराला उपलब्ध होणारं प्रमाण यांतला हा फरक कळला की निम्मा विषय कळला. अर्थात सगळं शिसं असं बांधलं जात नाही. मातीगणिक फरक पडतो.

"आमचं जिवाणू कल्चर शिसं नष्ट करतं" अशा जाहिरातींवर विश्वास ठेवू नका. शिसं हे मूलद्रव्य आहे. जिवाणू त्याचं रूप बदलू शकतील, अणू मोडू शकणार नाहीत. सूर्यफुलं लावून माती स्वच्छ होते, हाही अतिरंजित दावा. मातीने इतकं घट्ट धरलेलं शिसं मुळांना मिळतंच कमी, आणि मिळालं तरी बरंचसं मुळांतच अडकतं.

याच कारणाने टोमॅटो, वांगी यांसारख्या फळांत शिसं फार कमी पोचतं. कंदमुळं आणि पालेभाज्यांना चिकटलेली माती जास्त घातक. त्याहून घातक म्हणजे लहान मुलांनी तोंडात घातलेले मातीचे हात, कारण मुलांचं आतडं प्रौढांपेक्षा कितीतरी जास्त शिसं शोषून घेतं. उघडी माती पालापाचोळ्याने झाका आणि बाहेरून आणलेल्या स्वच्छ मातीचे उंच वाफे करा.

त्याआधी माती तपासा. नमुने प्लॉटच्या मध्यातून घ्याच, पण जुन्या भिंतीलगतचे आणि रस्त्याकडेचे वेगळ्या पिशवीत भरा. सगळं एकत्र कालवलं तर दूषित कोपरा सरासरीत लपतो. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने निवासी मातीसाठी शिशाची तपासणी-पातळी, म्हणजे ज्याच्या वर गेल्यास अधिक तपास करायचा ती पातळी, 2024 साली किलोमागे 400 मिलिग्रॅमवरून 200 वर आणली. आणि हाडांचा चुरा टाकायचा असेल तर त्याच नमुन्यांत आर्सेनिकही मोजून घ्या. आर्सेनेटची, म्हणजे आर्सेनिकच्या ऑक्सिजनशी जोडलेल्या रूपाची, रचना फॉस्फेटसारखीच असते, त्यामुळे फॉस्फेट मातीच्या कणांवरून त्याला हुसकावून लावतं. शिसं बांधलं जातं आणि आर्सेनिक मोकळं होतं.