मुंबई आणि नवी मुंबई विमानतळांतील अंतर: पार्श्वभूमी

सांताक्रूझचा विमानतळ आणि उलव्याजवळचा नवी मुंबईचा विमानतळ यांच्यातील हवाई अंतर सुमारे २४ किलोमीटर आहे. एवढ्याशा अंतरासाठी कोणी विमानात बसणार नाही. तरीही दुसऱ्या विमानतळाच्या जागेवरून जो दीर्घ वाद झाला, त्यात हे अंतर सतत पुढे येत राहिले.

जवळजवळच्या विमानतळांचा धोका मुंबईला नवा नव्हता. सांताक्रूझऐवजी शेजारच्या जुहूच्या आखूड धावपट्टीवर १९५३ मध्ये एक परदेशी जेट विमान चुकून उतरले, आणि १९७२ मध्ये तीच चूक करणारे दुसरे विमान धावपट्टीबाहेर जाऊन निकामी झाले.

खरा पेच सांताक्रूझच्या रचनेत होता. तेथील दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदत असल्यामुळे त्यांवर एकाच वेळी स्वतंत्रपणे वाहतूक चालवता येत नाही, आणि गर्दीच्या वेळी येणाऱ्या विमानांना आकाशात घिरट्या घालत थांबावे लागते. १९९० च्या दशकात पर्याय म्हणून रेवस-मांडव्याचा विचार झाला. नवी मुंबईच्या जागेवरचा आक्षेप असा होता की दोन्ही ठिकाणचे उतरण्याचे व उड्डाणाचे मार्ग एकमेकांत गुंततील. मात्र विमाने कोणत्या दिशेने ये-जा करतात, हे नुसत्या किलोमीटरइतकेच महत्त्वाचे असते. नव्या विमानतळाची धावपट्टी सांताक्रूझच्या मुख्य धावपट्टीप्रमाणे जवळपास पूर्व-पश्चिम आखली गेल्याने मार्गांची आखणी वेगळी ठेवणे शक्य झाले. हा मुद्दा मान्य व्हायला इतका काळ लागायला नको होता, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

२००७ मध्ये केंद्राची तत्त्वतः मंजुरी मिळाली. पुढच्याच वर्षीच्या धोरणाने चालू विमानतळापासून १५० किलोमीटरच्या आत नवा विमानतळ उभारण्यास सर्वसाधारणपणे प्रतिबंध केला. अपवादाचा निर्णय मंत्रिमंडळाकडे ठेवला. २०१० च्या पर्यावरण मंजुरीच्या वेळी प्रस्तावित दोन समांतर धावपट्ट्यांमधील अंतर १,८०० मीटरवरून १,५५० मीटरवर आणले गेले, ज्यामुळे गाढी नदी वळवावी लागली नाही. उलवे नदी मात्र वळवली गेली आणि टेकडी कापली गेली. या सर्व हिशेबांत विस्थापित झालेल्या गावांचा उल्लेख शेवटी येतो, हे खटकणारे आहे.

उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि २५ डिसेंबरपासून प्रवासी उड्डाणे सुरू झाली. दिल्लीचे हवाई अंतर दोन्हीकडून सुमारे १,१४० किलोमीटरच आहे, त्यामुळे प्रत्यक्ष उड्डाणाच्या वेळेत फारसा फरक पडत नाही. फरक पडतो तो धावपट्टीसमोरील रांगेत, आकाशातील प्रतीक्षेत आणि मुख्यतः घरापासून विमानतळापर्यंतच्या रस्त्यात. पनवेल, खारघर किंवा बेलापूरच्या प्रवाशाला यापूर्वी खाडी ओलांडून, मुंबईची गर्दी कापत सांताक्रूझ गाठावे लागत असे, आणि ही वेळ कोणत्याही वेळापत्रकात छापली जात नव्हती. ठाणेकरांचे गणित इतके सरळ नाही. घोडबंदरच्या रहिवाशाला सांताक्रूझ आजही जवळ पडू शकते. जानेवारी २०२४ मध्ये खुल्या झालेल्या सुमारे २१.८ किलोमीटरच्या शिवडी-न्हावाशेवा सागरी सेतूने दक्षिण मुंबईही उलव्याच्या आवाक्यात आणली आहे. मात्र एका विमानतळावर उतरून दुसऱ्यावरून पुढचे विमान पकडणाऱ्याला ते २४ किलोमीटर रस्त्यानेच, त्याहून लांबच्या वाटेने, सामानासह पार करावे लागतात.