जबड्याच्या सांध्यासाठी सीबीसीटी की एमआरआय?

तोंड उघडताना कानापुढे 'टक्' वाजतं, जांभई देताना कळ येते. सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा त्रिमितीय क्ष-किरण स्कॅन, काढला, रिपोर्ट आला: हाडं नॉर्मल. मग दुखतंय ते काय? माणूस त्रासून जातो, घरच्यांनाही वाटायला लागतं की हा उगाच बाऊ करतोय. तसं नसतं. ज्या भागात बिघाड असतो, तो भाग सीबीसीटीत अनेकदा दिसतच नाही.

या सांध्यात खालच्या जबड्याचं गोल टोक, म्हणजे कॉन्डाइल, कवटीच्या खोबणीत बसतं आणि दोघांमध्ये कूर्चेसारखी तंतुमय डिस्क असते. सीबीसीटी क्ष-किरणांवर चालतो. हाडाची झीज, चपटा झालेला कॉन्डाइल, कडेला वाढलेलं हाड, फ्रॅक्चर, हाडाने जखडलेला सांधा हे सगळं तो काही सेकंदांत बारकाईने टिपतो, तेही सहसा नेहमीच्या सीटी स्कॅनपेक्षा कमी रेडिएशनमध्ये. डिस्कबद्दल मात्र तो काही सांगू शकत नाही.

डिस्क, सांध्यातलं पाणी आणि आजूबाजूचे स्नायू पाहायचे तर एमआरआय. तोही दोनदा, तोंड मिटून आणि तोंड उघडून. तोंड मिटलेलं असताना डिस्कची मागची जाड कड कॉन्डाइलच्या माथ्यावर, घड्याळात बारा वाजतात तिथे असायला हवी. डिस्क पुढे सरकली असेल, तर तोंड उघडताना कॉन्डाइल त्या कडेवरून उडी घेऊन पुन्हा डिस्कखाली येतो. तोच तो 'टक्'. काहींमध्ये डिस्क जागेवर येतच नाही, तोंड उघडल्यावरही पुढेच अडून राहते आणि जबडा अडकतो. हा फरक फक्त मिटलेल्या तोंडाच्या चित्रावरून कळत नाही. म्हणून दोन्ही स्थितींतला स्कॅन झालाय ना, हे जरूर विचारा.

पण एमआरआयवरही डोळे झाकून विसंबू नये. काडीचाही त्रास नसलेल्या लोकांचे स्कॅन केले, तेव्हा जवळपास तिघांत एकाची डिस्क सरकलेली आढळली. त्यामुळे 'डिस्क सरकली आहे' एवढ्या एका ओळीवर ऑपरेशनचा विचार सुरू होऊ नये, असं मला मनापासून वाटतं. शिवाय पुष्कळदा दुखणं सांध्याचं नसून चावण्याच्या स्नायूंचं असतं. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या डीसी/टीएमडी, म्हणजे जबड्याचा सांधा आणि स्नायूंच्या विकारांचं निदान करण्याच्या निकषांनुसार ते लक्षणं विचारून आणि हाताने दाबून तपासूनच ठरतं. त्याला स्कॅन लागत नाही.

जबडा अचानक अडकला आणि तपासणीत डिस्कचा संशय आला, तर एमआरआय. मार लागला, दातांचा चावा बदलला, सांध्यात करकर वाजू लागली, तर आधी सीबीसीटी. लहान मुलांच्या संधिवातात हाड झिजण्याआधीची सूज एमआरआयच दाखवतो. दातांसाठी काढलेल्या ओपीजीत, म्हणजे पूर्ण जबड्याच्या सपाट एक्स-रेत, हाडाचा ठळक बिघाड तेवढा कळतो.

एमआरआयला जाताना पेसमेकर असेल तर आधीच सांगा. दातांना तारा लावल्या असतील तर त्याही सांगा, त्यांच्या धातूमुळे चित्र बिघडू शकतं.